अप्पांचे उतरलेले वजन

सांगलीला राहायला आल्यानंतर पाच महिन्यांत माझ्या वडिलांचे वजन नऊ किलोंनी उतरले. त्याच काळात, त्याच स्वयंपाकघरातले अन्न खाऊन, माझे साडेतीन किलोंनी वाढले.

"वृंदे, मैत्रेयीची कंपासपेटी आहे का गं इथे?"

रविवारची सकाळ होती. अप्पा माझ्या खोलीच्या दारात उभे होते. एका हाताने त्यांनी पँट कमरेशी धरली होती आणि दुसऱ्या हातात पट्टा होता.

"कशाला हवी?"

"भोक पाडायचंय."

"मागच्या महिन्यात पाडलं होतं ना?"

"ते मागच्या महिन्याचं झालं."

मी लेकीच्या दप्तरातून कंपासपेटी काढून आणली. अप्पांनी पट्टा टेबलावर पसरला, आधीच्या दोन भोकांमधले अंतर पट्टीने मोजले आणि तेवढ्याच अंतरावर पेन्सिलीने बारीक फुली मारली. एका खासगी कंपनीत त्यांनी चौतीस वर्षे यंत्रांचे आराखडे काढले होते. अंदाजाने त्यांनी कधी काही केले नाही.

"मध्यावर टोच. तिरपं गेलं तर कातडं फाटतं."

मी टोचले. त्यांनी पट्टा बांधला. त्याचे सुटे टोक आता पाठीकडे वळले होते.

"बघ," ते म्हणाले, "सांगलीची हवा पट्ट्याला मानवली."

मला हसू आले नाही. त्यांना सांगलीला मी आणले होते.

त्याआधी आम्ही मुलुंडला राहत होतो. आई गेल्यावर अप्पा आमच्याकडे आले. मुकुंद आणि मी दोघेही रात्री नऊच्या सुमारास घरी पोहोचत असू आणि मैत्रेयी शाळेतून थेट शिकवणीला जाई. एका दुपारी पोळीचा घास अप्पांच्या घशात अडकला. शेजारच्या बाईंनी आवाज ऐकला म्हणून निभावले. गिळण्याचे स्नायू मंदावले आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले. प्रत्येक घास नीट चावायचा, दोनदा गिळायचा, मग घोटभर पाणी, मग पुढचा घास. अप्पांनी हा नियम आराखड्यावरच्या मापासारखा पाळला. त्यांचे जेवण तेव्हापासून पाऊण तास चाले.

एकदा मी संध्याकाळी लवकर घरी आले. किल्लीने दार उघडले. अप्पा माझ्याकडे पाठ करून, समोरच्या कोऱ्या भिंतीकडे पाहत जेवत होते. चावत होते, थांबत होते, पुन्हा चावत होते. मी आल्याचे त्यांना कळले नाही. चपला हातात घेऊन मी दाराशीच उभी राहिले. त्या रात्री मी मुकुंदला म्हटले, "सांगलीला जाऊ या. त्यांना माणसांत राहायला हवं."

सांगलीत मुकुंदचे घर होते. माझ्या सासूबाई, म्हणजे आक्का, मोठे दीर जयवंतदादा, त्यांचे पंपांचे दुकान, जाऊबाई शैलजावहिनी, आणि त्यांची ओजस व रेवती ही दोन मुले. मुकुंदला तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली, मला बेदाण्यांतले कीटकनाशकांचे अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. अडचण एकच होती. लेकीच्या सासरी कायमचे राहायला अप्पा तयार नव्हते. तेव्हा आक्कांनी स्वतः फोन करून त्यांना सांगितले, "अप्पासाहेब, आमच्या घरात एकट्याला जेवू देत नाहीत कुणाला. तुम्ही या की. नऊ ताटं एका वेळी पडतील."

आणि खरोखरच पडली. आधी पुरुष मग बायका, ही रीत आक्कांनी आपल्या अमलात मोडून टाकली होती. रात्री आठला एका लांब टेबलाभोवती सगळे बसत. दुसरी एक रीत मात्र त्यांनी सासऱ्यांच्या वेळेपासून तशीच ठेवली होती. ती घरात इतकी मुरलेली होती की तिच्याबद्दल कुणी बोलतही नसे.

पहिल्या रात्रीचे जेवण मला अजून आठवते. अप्पा त्यांच्या नेहमीच्या गतीने जेवत होते. जयवंतदादांनी कृष्णेच्या पुरात पंप वाहून गेलेल्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली, मग दुसरी, मग तिसरी. ओजस ताटावर डुलकी घेऊ लागला, तेव्हा शैलजावहिनींनी त्याला डोळ्यांनीच दटावले. "झालं का आजोबा?" असे त्याने विचारले, आणि रेवतीने त्याला टेबलाखालून लाथ मारली. सगळे हसले, अप्पाही हसले. तासभर कुणी हलले नाही. मुलुंडच्या भिंतीची मला आठवण झाली, आणि इतका वेळ एकत्र बसायला ह्या माणसांना सवड आहे, ह्याने मला भरून आले.

महिन्याभरात अप्पांचा सदरा खांद्यावरून ओघळू लागला.

मी शास्त्र शिकलेली बाई आहे. मी आधी नेहमीचे संशयित घेतले. साखर, थायरॉइड, क्षय, यकृत. रक्त, लघवी, छातीचे चित्र. नळी घालून जठर पाहिले. सगळे निर्दोष निघाले. गिळण्याची तपासणी पुन्हा केली. अडचण मुंबईत होती तितकीच होती, वाढलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "वय झालं की जागा बदललेली सोसत नाही, मॅडम. हवापाणी असतं."

"हवापाणी म्हणजे नेमकं काय?" मी विचारले.

"ते नेमकं सांगता आलं असतं, तर गोळी दिली असती की."

आक्कांचे निदान तयार होते. त्यांनी मीठ-मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या अप्पांवरून ओवाळून चुलीत टाकल्या. "बघ, ठसका लागतोय का कुणाला? नाही ना? म्हणजे नजरच हाय."

"आक्का, खिडकी उघडी आहे. धूर बाहेर जातोय."

"तुझ्या प्रयोगशाळेत सांग जा ते," आक्का म्हणाल्या.

अप्पा पाटावर मुकाट बसून होते. आपल्यापायी इतक्या मिरच्या जाळल्या गेल्याबद्दल त्यांनी माफी मागितली.

मग मी स्वयंपाकाकडे वळले. सांगलीचे जेवण तिखट. शैलजावहिनींनी अप्पांसाठी वेगळी फिकी आमटी सुरू केली. ज्वारीची भाकरी जड जात असेल म्हणून पोळ्या केल्या. भात मऊ केला. काहीही केले तरी अप्पा दीड भाकरी, थोडी आमटी, दोन घास भात घेत आणि ताटावर हात आडवा धरत. "बास. तृप्त झालो." मग ते उठत, आणि सगळे उठत. जेवण आता वीस मिनिटांत आटोपू लागले होते.

वजन मी दर रविवारी करत होते. काटा खाली येत होता, आणि माझ्या मनात एक संशय वर येत होता. सासरच्या घरी आपला बाप ठेवणाऱ्या बाईच्या मनात तो कधी ना कधी येतोच. एकदा मी शैलजावहिनींना दादांशी बोलताना ऐकले होते: "एवढंसं जेवत्यात. कसं दिसतंय ते?" कसे दिसते म्हणजे काय, हे मी त्यांना विचारायला हवे होते. विचारले नाही. त्याऐवजी एका संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले. त्या भाकरी थापत होत्या.

"वहिनी, अप्पांना दुसरी भाकरी वाढता का हो तुम्ही?"

त्यांचे हात थांबले. "म्हणजे?"

"सहज विचारलं."

"सहज असलं कुणी विचारतं होय?" त्यांनी पीठ झटकले. "रोज वाढायला जाते. ते हात आडवा धरतात. हात बाजूला सारून वाढू काय मी? तुमच्या वडलांच्या तोंडचा घास मी मोजते, असं वाटतंय तुम्हाला?"

"तसं नाही म्हटलं मी."

"म्हटलं नाही. पण विचारायला आलात."

तव्यावरची भाकरी करपली. त्या घरात करपलेली भाकरी मी प्रथमच पाहत होते. त्यानंतर वहिनी माझ्याशी कामापुरते बोलू लागल्या, आणि आक्का आम्हा दोघींशी.

अप्पांच्या हे लक्षात आल्यावाचून राहिले नाही. दोनच दिवसांनी ते म्हणाले, "मला मुलुंडला सोडून ये."

"एकटे राहणार?"

"राहतो. डबा लावतो. तुझं घर इथं लागलंय. मैत्रेयीला मैत्रिणी मिळाल्यात, सायकल चालवते गावभर. माझ्यापायी उगाच तुमच्यात वितुष्ट नको."

"अप्पा, इथे तुम्हाला कुणी काही बोललं का?"

"छे, छे! उलट!" ते इतक्या घाईने म्हणाले की माझा संशय बळावला. "इतका मान मला कंपनीतसुद्धा मिळाला नाही."

मी मुकुंदशी बोलले. अप्पांना एकटे सोडणे शक्य नव्हते. मैत्रेयीची परीक्षा संपली की मी त्यांना घेऊन मुलुंडला जावे, जुन्या कंपनीत पुन्हा विचारावे, आणि मुकुंद व मैत्रेयीने सांगलीला राहावे, असे ठरले. म्हणजे घर दुभंगणार होते. मुकुंद रागावला नाही. त्याने फक्त विचारले, "आणि तिथं त्यांचं वजन वाढलं, तर आपण काय समजायचं?" माझ्या डोळ्यांसमोर दोन चित्रे होती: भिंतीकडे पाहत एकटे जेवणारे अप्पा, आणि भरल्या टेबलाशी वाळत चाललेले अप्पा. दोन्ही ठिकाणी त्यांना मीच बसवले होते.

त्यानंतरच्या आठवड्यात इस्लामपूरला घरातले लग्न होते. अप्पांना प्रवास झेपणार नव्हता म्हणून मी मागे राहिले. निघण्यापूर्वी शैलजावहिनींनी आम्हा दोघांचा स्वयंपाक झाकून ठेवला.

"फडक्यात भाकऱ्या आहेत. अप्पांच्या वरच्या, तूप लावलेल्या. तुमच्या खाली." माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या आणि पदर खोचून गाडीत बसल्या.

दुपारी मी अप्पांना वाढले. माझे ताट घेणार, तोच प्रयोगशाळेतून फोन आला. एका नमुन्याचे आकडे जुळत नव्हते. घरात आवाज तुटत होता म्हणून मी परसात गेले. "तुम्ही सुरू करा," असे अप्पांना सांगितले. फोन लांबला. यंत्र पुन्हा लावणे, पुन्हा पाहणे असे करता करता तासभर गेला. मी आत आले.

अप्पा अजून जेवत होते. फडके रिकामे होते. भाजीचे पातेले त्यांनी निपटले होते आणि आमटीत बुडवून शेवटचा तुकडा ते सावकाश चावत होते. मला पाहताच चोरी पकडल्यासारखे ते थबकले. घास दोनदा गिळला, घोटभर पाणी प्याले.

"वृंदे," ते ओशाळून म्हणाले, "तुझ्यासाठी काही उरलं नाही गं."

"अप्पा, किती खाल्लंत?"

"चार... पाच असतील. भाकरी फार चांगली झालीय. शैलजाच्या हाताला चव आहे."

"मग रोज का नाही खात?"

"आज भूक लागली," ते म्हणाले आणि ताट उचलून मोरीकडे गेले.

मी वाटीभर भात शिजवून दह्याबरोबर खाल्ला आणि विचार करत बसले. तोच माणूस, तेच अन्न, तोच हात. बदलली होती ती फक्त टेबलाभोवतीची माणसे. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे मी प्रयोगशाळेतल्या नवख्या मुलींना शिकवत असे. तरीही मी तो काढला: कुणाच्या तरी नजरेला भिऊन अप्पा जेवत नाहीत. आणि ती नजर कुणाची असावी, हेही मनाशी ठरवून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी रात्री जेवताना मी माझ्या ताटाकडे पाहिलेच नाही. वहिनी भाकऱ्यांची टोपली घेऊन फिरत होत्या आणि मी त्यांचे डोळे पाहत होते. त्यांनी अप्पांना वाढले, आग्रह केला, स्वतः बसल्या. त्यांच्या नजरेत काही नव्हते. अप्पा तर त्यांच्याकडे पाहतही नव्हते. मग ते कुठे पाहत होते?

ते ताटे पाहत होते. घास चावता चावता त्यांची नजर टेबलावरून फिरे. मुकुंदचे ताट संपत आले होते. मैत्रेयीचे संपले. दादांनी भात कालवला, आणि अप्पांनी लगबगीने एक घास घेतला. मी त्यांच्या गळ्याकडे पाहिले. तो घास त्यांनी एकदाच गिळला. दादांचे संपले. ओजसचे संपले. दादांचा फोन आतल्या खोलीत वाजू लागला. ते हलले नाहीत. वाजून वाजून बंद झाला. ओजस बोटांवर वाळलेला भात नखाने खरवडत होता. वहिनींनी ओट्यावरच्या दुधाकडे एकदा पाहिले आणि पुन्हा ताटाकडे. आक्कांनी शेवटचा घास घेतला, आणि त्याच क्षणी अप्पांचा हात ताटावर आडवा झाला. ताटात अर्धी भाकरी तशीच होती.

"बास. तृप्त झालो."

ते उठले. खुर्च्या सरकल्या. दादा फोनकडे धावले, वहिनी दुधाकडे, ओजस मोरीकडे. आठही माणसे एकदम मोकळी झाली, आणि हे मी पाच महिने रोज पाहत होते.

अप्पा परसातल्या नळावर चूळ भरत होते. मी मागोमाग गेले.

"अप्पा, तुमचं पोट भरत नाही."

"भरतं की."

"सगळ्यांची ताटं संपली की तुमचं पोट भरतं."

त्यांनी नळ बंद केला. दोरीवरचा टॉवेल ओढून ते हात पुसू लागले.

"पहिल्या रात्री तो ओजस ताटावर झोपला गं," ते म्हणाले. "त्याच्या बोटांवरचा भात वाळून पांढरा झाला होता. आठ माणसं माझ्या एका घासाकडे डोळे लावून बसलेली. कुणी तक्रारीचं एक अक्षर बोललं नाही. बोलले असते, तर मी म्हटलं असतं, उठा रे बाबांनो. पण आक्का म्हणजे... आणि मी लेकीच्या सासरी राहणारा माणूस. त्यांची रीत मी कशी मोडू?"

"मला सांगायचं."

"तुला काय सांगायचं? तू तर माझं एकट्यानं जेवणं बघवत नाही म्हणून सगळं सोडून आलीस." त्यांनी टॉवेल दोरीवर नीट, दोन्ही टोके जुळवून टाकला. "खरं सांगू? मुलुंडला कुणी माझ्यासाठी थांबत नव्हतं. मी मजेत जेवायचो."

मी आत गेले. आक्का आणि शैलजावहिनी ओट्याशी होत्या. जे पाहिले ते मी दोघींना सांगितले. आक्का खाली बसल्या.

"म्हणजे आम्ही उपाशी ठेवलं त्यांना? मान दिला तो?"

"तुम्ही नाही, आक्का."

"मग कुणी?" त्या म्हणाल्या, आणि लगेच हट्टाने, "पण मोठ्या माणसाला ताटावर ठेवून उठायचं? मला नाही जमायचं. शिवाय आपण उठलो, तर ते पुन्हा एकटेच की."

तेही खरे होते. मी मुलुंडची भिंत आठवत उभी राहिले.

"मी बसते," शैलजावहिनी म्हणाल्या. "उद्याची भाजी मला रात्रीच निवडायची असते. मेथी घेऊन तिथंच बसेन. तुम्ही सगळे उठा. मी मेथीसाठी बसलेय, त्यांच्यासाठी नाही, एवढं त्यांना कळलं की झालं."

"वहिनी, त्या दिवशी मी..."

"राहू दे. तुमच्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं." ओटा पुसत त्या म्हणाल्या, "पण भाकरी करपू दिली नसती."

दुसऱ्या रात्री स्वतःचे जेवण होताच आक्का सर्वांत आधी उठल्या. उठताना त्यांचे पाय अडखळले, हे मी पाहिले. मागोमाग सगळे उठले. अप्पा भांबावून अर्धवट उभे राहिले.

"बसा की अप्पा," मेथीची जुडी सोडत वहिनी म्हणाल्या. "मला अजून अर्धा तास आहे. तुम्ही उठलात तर मी ह्या मेथीशी काय बोलत बसू?"

अप्पा बसले. थोड्या वेळाने आतून मला त्यांचा आवाज ऐकू आला: "शैलजा, अर्धी भाकरी आहे का गं?"

मुलुंडला जाण्याचे रद्द झाले. पट्ट्याची भोके एकेक करून निरुपयोगी झाली. अप्पा त्या घरात आणखी सहा वर्षे जगले आणि शेवटपर्यंत मेथीपासून घेवड्यापर्यंत घरातली प्रत्येक भाजी त्यांच्यासमोर निवडली गेली. त्यांना जाऊनही आता बराच काळ झाला. वजन भरून आले तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, हवापाणी मानवले. आक्का अखेरपर्यंत म्हणत, दृष्ट उतरली. मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

कारण असे होते. आमच्या घरात सर्वांत मोठे माणूस उठल्याखेरीज कुणी ताटावरून उठत नसे. अप्पा आल्यापासून सर्वांत मोठे माणूस ते होते. त्यांना जेवायला पाऊण तास लागत असे, आम्हाला वीस मिनिटे. त्यांना एकट्याने जेवावे लागू नये म्हणून मी त्यांना तिथे आणले होते, आणि आम्ही सारे रोज त्यांच्यासाठी थांबत होतो.